पी पफर दाणे खात नाहीत, काय करावे?

प्रश्न
नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी मी दोन फुटी टाकीत सहा पी पफर (पफर माशांची एक अगदी छोटी जात) सोडले. दुकानातून आणलेल्या दाण्यांजवळ ते येतात, डोळे फिरवून न्याहाळतात आणि तोंड न लावताच मागे सरतात. त्यांपैकी दोघांची पोटे आत गेली आहेत. पफर खाऱ्या पाण्यातले असल्यामुळे टाकीत मीठ घालावे, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
मीठ मुळीच घालू नका. पफरांच्या अनेक जाती समुद्रात किंवा खाडीच्या मचूळ पाण्यात राहतात हे खरे. परंतु ही जात मूळची केरळ व दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधली असून तिचे सारे आयुष्य गोड्या पाण्यात जाते. होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९४१ साली तिचे वर्णन केले, तेव्हाचे त्रावणकोर तिच्या शास्त्रीय नावात आजही आहे.
दाणे नाकारणे हा हट्ट नव्हे. हा मासा हलणारे भक्ष्य पाहून टिपतो, म्हणून त्याला गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या), डॅफ्निया (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव) आणि बारीक गोगलगाई द्या. गोगलगाईसमोर तो पाण्यात जागच्या जागी तरंगत राहतो आणि तिचे अंग शंखाबाहेर आले की चटकन लचका तोडतो. गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स (चिखलातले बारीक लाल किडे) मात्र टाळा. त्यातून रोग येतात.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत. आणखी एक पाहा : पोटावर गडद रेघ आणि डोळ्यांमागे सुरकुत्या असतील तर तो नर. टाकीत नर जास्त असले तर दांडगा नर इतरांना अन्नापर्यंत पोहोचूच देत नाही. झाडी इतकी दाट लावा, की ते सतत एकमेकांच्या नजरेस पडणार नाहीत. खाऊनही पोट खपाटीलाच राहिले, तर पोटात जंत असण्याची शक्यता असते, कारण बाजारातले बरेच पी पफर नदीतून पकडलेले असतात. ही जात निसर्गात संकटग्रस्त आहे. म्हणून एखादा दगावला तरी, टाकीत पैदा झालेला मिळेपर्यंत नवा आणू नये, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्नकर्ता
आपले मनःपूर्वक आभार. मीठ घातले नाही. काल चिमट्यात धरून ब्लडवर्म हलवला, तेव्हा दोन अशक्तांपैकी एकाने तो ओढून घेतला. दुसरा अजून झाडामागेच आहे. त्याला आज स्पंज फिल्टर लावलेल्या छोट्या टाकीत वेगळे ठेवत आहे.