सरपंचांच्या पतीच्या दुकानाची बिले : अपात्रता लागते का?

प्रश्न (शिवारवाट): आमच्या ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्याचे पाइप आणि मोटार सरपंचांच्या पतीच्या दुकानातून घेतली. पैसे १५व्या वित्त आयोगाच्या निधीतले. ठरावाच्या वेळी सरपंच सभागृहाबाहेर गेल्या होत्या, पण देयकावर सही त्यांचीच आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ग) खाली अर्ज टिकेल का? आधी कागद कोणते मिळवू?

उत्तर (दप्तरदार): बाहेर जाऊन बसल्याने काही सुटत नाही. कलम (ग) मतदानाबद्दल नाही. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत हिस्सा किंवा हितसंबंध आहे का, एवढेच ते विचारते.

अडचण दुसरीकडे आहे. नुसते नाते पुरत नाही. नगरपालिका सदस्याच्या मुलाच्या नोकरीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच सांगितले की हितसंबंध आर्थिक किंवा भौतिक असल्याचे दाखवावे लागते. 'नवऱ्याचे दुकान म्हणजे तिचेच' एवढ्यावर लिहिलेले अर्ज इथेच पडतात.

म्हणून आधी बिलावरचा जीएसटी क्रमांक बघा. १५ अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची दहा म्हणजे पॅन. डावीकडून सहावे अक्षर P असेल तर दुकान एकट्याचे, F असेल तर भागीदारी, H असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. F निघाले तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडून भागीदारांच्या नावांचा उतारा काढा. H निघाले तर त्या कुटुंबात सरपंच आहेत का ते तपासा, अर्जाला खरे बळ तिथे मिळते. P असेल तर अजून पुरावा लागेल : दुकान किंवा गोदाम सरपंचांच्या नावच्या मिळकतीत आहे का (नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणी नोंदवहीचा उतारा), दुकानाच्या कर्जाला त्या जामीन आहेत का, पैसे संयुक्त खात्यात जमा झाले का. बँकेची माहिती तुम्हाला मिळणार नाही, ती चौकशीत मागवण्याची विनंती अर्जातच करा.

उत्तर (पाणंद): माहिती अधिकारात 'सर्व माहिती द्या' लिहू नका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नेमके मागा : मासिक सभेचा ठराव, तिन्ही दरपत्रके, पुरवठा आदेश, बिल, साठा नोंदवहीचे पान, देयकाचे प्रमाणक (व्हाउचर). तिन्ही दरपत्रके एकाच हस्ताक्षरात निघाली तर तो मुद्दा स्वतंत्रपणे लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील. तोवर ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायतीची प्रमाणके पाहून ठेवा, रक्कम आणि तारीख तिथे दिसते.

पुरवठादार नोंदणीकृत सहकारी संस्था असती तर निव्वळ सभासदत्वाने अपात्रता लागत नाही, कायद्यातच तसा अपवाद आहे. मजूर संस्थांच्या कामांत लोक हे विसरतात.

उत्तर (मांडवीकाठ): गोव्यातला निकाल दाखवून इथे अर्ज करू नका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या पंचायत सदस्येला पतीच्या कंत्राटावरून अपात्र धरले, पण आधार गोव्याच्या नागरी कायद्याचा होता. तिथे पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते, म्हणून पतीच्या कमाईत तिचा वाटा आपोआप येतो. महाराष्ट्रात तसा कायदा नाही.

उत्तर (दप्तरदार): मांडवीकाठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आता अर्ज कुठे करायचा ते : त्याच अधिनियमाच्या कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे. तो कोणीही करू शकतो. गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली तर फक्त चौकशी अहवाल येतो, पद जात नाही. निर्णय शक्यतो ६० दिवसांत व्हायला हवा, तोपर्यंत सदस्य पदावर राहतात. निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत १५ दिवस.

हितसंबंध सिद्ध होण्याइतका कागद नसेल तर पतीच्या बिलावर स्वतः सही केल्याचा मुद्दा कलम ३९ खाली, कर्तव्यातील गैरवर्तन म्हणून मांडा. त्यात चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि आदेश विभागीय आयुक्त देतात. दोन्ही अर्ज वेगवेगळे लिहा. एकाच कागदावर दोन्ही कलमे घातली की कार्यालय तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरवत राहते.