पहिली नोकरी, शहर आणि आवड: वेगळी ठेवावी की तीच वाट धरावी?

गच्चीवरून

संख्याशास्त्राची पदवी घेऊन वर्ष होत आलं. मोठ्या शहरात नोकरी आहे, ग्राहकांच्या नोंदी चाळून तक्ते करायचं काम. काम वाईट नाही, सोबतची माणसंही चांगली आहेत. पण जाण्यायेण्यात रोजचे तीन तास जातात आणि खोलीवर पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. तरी रात्री मी गच्चीवर जाते. पाण्याच्या टाकीमागे एक कोपरा आहे, तिथे रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड थेट डोळ्यांत येत नाही. तिथून मी रूपविकारी तारे बघते, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे.

गेल्या महिन्यातली एक रात्र सांगते. ययाती या तारकासमूहातला अल्गोल हा तारा एरवी शेजारच्या देवयानी तारकासमूहाच्या टोकाच्या ताऱ्याइतका ठळक असतो. नऊ वाजता तसाच होता. साडेअकराला पाहिलं तर चांगलाच उतरलेला. दीडच्या सुमारास तो ययातीतल्याच एप्सिलॉन नावाच्या ताऱ्यापेक्षाही मंद दिसायला लागला. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा अंधुक जोडीदार त्याच्यासमोरून जातो, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांदेखत होताना पाहिलं तेव्हा खाली उतरावंसंच वाटेना.

आता सगळे म्हणतात, एवढी आवड आहे तर त्यातच कर ना काहीतरी, पुढे शिक, नोकरी सोड. माझं मत उलट आहे. आवडीला पोटापाण्याला जुंपू नये. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ' असं आधी सांगितलं. पुढे ती मुलं आपणहोऊन चित्रांपाशी निम्माच वेळ रमली. आणि ज्याने अल्गोलचा हा आवर्तकाल शोधला तो जॉन गुडरिक काही नोकरदार खगोलशास्त्रज्ञ नव्हता. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात राहणारा १८ वर्षांचा मुलगा, त्याला ऐकू येत नसे. नोव्हेंबर १७८२ पासून त्याने खिडकीतून हा तारा पाहिला आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेचं कोपली पदक मिळवलं. खिडकी पुरते, हे मला त्याच्याकडून पटलं.

तुम्हाला काय वाटतं? शिक्षण संपल्यावर पहिली चारपाच वर्षं ज्यांनी शहरात काढली त्यांनी जरूर लिहा.

सुकाणू

अजिबात सहमत नाही, आणि तुमच्या उदाहरणांवरूनच सांगतो.

गुडरिक सरदार घराण्यातला. आजोबा बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा किताब असलेले, त्याला महिनाअखेरची चिंता नव्हती. रात्रभर जागून सकाळी आठची गाडी त्याला पकडायची नव्हती. तुम्हाला पकडायची असते. त्याची खिडकी आणि तुमची गच्ची यांत हा फरक आहे आणि तो लहान नाही.

त्या प्रयोगाचा दुसरा भाग तुम्ही सांगितला नाहीत. काही मुलांना तेच प्रशस्तिपत्र आधी न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिलं होतं. त्यांची गोडी कमी झाली नाही. म्हणजे मोबदला मिळाला म्हणून आवड मरते असं त्यातून निघत नाही. बक्षिसासाठी म्हणून करायला लागलं की मरते, एवढंच निघतं. ज्याला त्या कामाचीच ओढ आहे त्याला पगाराने काय होणार?

आता विल्यम हर्शेलचं बघा. पेशाने संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ गावी शिकवण्या करून, वाद्य वाजवून पोट भरायचा आणि रात्री स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून आकाश बघायचा. १३ मार्च १७८१ ला त्याने युरेनस शोधला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी राजाकडून वार्षिक तनखा सुरू झाला आणि त्याने संगीताचा पेशा सोडला. त्यानंतर बहीण कॅरोलाइनला सोबत घेऊन त्याने वीस वर्षांत सुमारे २,५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छांची यादी केली. हे शिकवण्यांमधून उरलेल्या वेळात झालं असतं का?

तुम्ही दिवसाचे सगळ्यात ताजे तास त्या तक्त्यांना देता आणि जिवाभावाच्या गोष्टीला उरलेसुरले. त्यात तुम्ही संख्याशास्त्राच्या! चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली. आकाशात काय बदललं याच्या लाखो सूचना एकेका रात्रीत काढता याव्यात अशी तिची रचना आहे. त्या डोळ्यांनी कोण चाळणार? गर्दीतून खरा बदल वेचणं हे तुमच्याच विषयाचं काम आहे. इथे आवड आणि शिक्षण एका रेषेत आलेत. असं फार थोड्यांच्या नशिबी येतं, म्हणून तळमळीने लिहितोय.

आकडेमोड

गच्चीवरून यांच्या बाजूने.

मला लहानपणापासून बुद्धिबळाचं वेड. पदवी झाल्यावर तेच शिकवायला लागलो, आज सात वर्षं झाली. मुलं गोड आहेत, काम प्रामाणिकपणे करतो. पण मी स्वतः, मनापासून, एक डाव खेळून चार वर्षं झाली. संध्याकाळी सहा तास शिकवून घरी आलो की पट उघडावासा वाटत नाही. पूर्वी एखादी खेळी डोक्यात घेऊन झोपायचो, सकाळी उत्तर सापडलेलं असायचं. ते गेलं. कुणी हिसकावून नेलं नाही, मीच रोज थोडं थोडं विकलं.

सुकाणू म्हणतात कामाची ओढ असेल तर पगाराने काही होत नाही. ओढ मला कमी नव्हती. आवडीचा पेशा झाला की कुठला डाव, कधी, कुणाशी, हे ठरवणं आपल्या हातातून जातं. तुम्हाला अल्गोल आवडतो, नोकरीत कुणी नुसत्या तक्त्यांतल्या चुका दुरुस्त करायला बसवलं तर? तेव्हा गच्चीही राहणार नाही.

सुकाणू

@आकडेमोड, तुमचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही खेळाडू होता आणि शिक्षक झालात. ती दोन वेगळी कामं आहेत. खेळाडू म्हणूनच पोट भरत असतं तर हेच लिहिलं असतं का, याचा विचार करा.

मध्यरात्र

मी शहर सोडून लहान गावी आले, अंधारासाठीच. २०१६ मध्ये प्रकाशप्रदूषणाचा जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला, त्यानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसतच नाही. माझ्या अंगणातून दिसते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिले सहा महिने रोज रात्री बाहेर बसले.

आता महिन्यातून दोनदा बसते. 'आज काय दिसलं' असं विचारणारं कुणी नाही.

वाटसरू

मध्यरात्र यांच्या शेवटच्या ओळीवर थांबलो. वर सगळे नोकरी विरुद्ध आवड यावर भांडताहेत, पण धाग्याच्या शीर्षकात शहरही आहे आणि त्याच्याकडे कुणी वळलंच नाही.

गुडरिकची खिडकी पुरली, हे अर्धंच खरं. यॉर्कमध्ये जवळच एडवर्ड पिगट राहायचा. त्याच्या घरी वेधशाळा होती, आणि कोणत्या ताऱ्यांचं तेज बदलत असावं, तिकडे लक्ष ठेव, हे त्यानेच गुडरिकला सांगितलं. दोघे एकमेकांच्या नोंदी पडताळत. पिगट नसता तर तो मुलगा त्या खिडकीतून नेमकं काय बघत बसला असता, मला माहीत नाही.

हर्शेलचंही तसंच. डिसेंबर १७७९ मध्ये तो बाथला घरासमोर रस्त्यातच दुर्बीण लावून चंद्र पाहत होता. तिथून जाणारा एक गृहस्थ थांबला आणि म्हणाला, मी पाहू का? तो डॉ. विल्यम वॉटसन. त्याने हर्शेलला गावातल्या तत्त्वचर्चा मंडळात नेलं, आणि त्याच्यामार्फतच हर्शेलचं काम रॉयल सोसायटीपर्यंत पोचलं. सुकाणू ज्या तनख्याबद्दल बोलतात त्याची सुरुवात त्या रस्त्यात आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये लिहिलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. लांबची ओळख वेगळ्या वर्तुळातून येते.

शहर अंधार काढून घेतं, ताजे तास काढून घेतं, हे सगळं कबूल. त्याच्या बदल्यात ते एकच गोष्ट देतं: अनोळखी माणूस, जो थांबून विचारतो. आणि गच्चीवरून ताई, तुम्ही टाकीमागे बसता. उजेड येत नाही तिथे, तसं माणूसही येत नाही. वर्षभरात एकाने तरी विचारलं का, काय बघतेयस?

गच्चीवरून

नाही. एकानेही नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीला मी गच्चीवर जाते एवढं माहीत आहे, तिला वाटतं फोनवर बोलायला जाते.

वाटसरू, दोन दिवस तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. मी आवड जपतेय असं समजत होते, खरं तर लपवत होते. कुणी बघितली तर दोनच गोष्टी विचारणार, 'याचं पुढे काय करणार' आणि 'यातून काय मिळतं', हीच धास्ती होती. आकडेमोड दादा, तुमचं लिहिलेलंही विसरणार नाही. नोकरी आज सोडत नाहीये.

गुरुवारी पहाटे २:५० ला अल्गोल सर्वांत मंद होता, मी नोंद घेतली. पुढची वेळ येते शनिवारी रात्री ११:३९. म्हणजे संध्याकाळी सातपासून तो उतरायला लागेल, आणि आठला आणि साडेअकराला पाहणाऱ्या कुणालाही फरक कळेल, दुर्बीण लागणारच नाही. इमारतीच्या फाटकापाशी, दिव्याकडे पाठ करून, खुर्ची टाकून बसणार आहे. दारावर तसा कागद लावलाय: आज एक तारा मंद होणार आहे, पाहायला या.

सुकाणू

छान. पण फाटकात बसल्याने पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरला जात नाही, आणि वय त्या ताऱ्यासारखं फिरून ठळक होत नाही. माझं मत बदललेलं नाही. गणिताची तयारी किती आहे ते लिहा, मी पुस्तकं पाठवतो.

मध्यरात्र

शनिवारी मीही अंगणातून बघेन. आठला आणि साडेअकराला. ताऱ्याच्या तेजाचा तुमचा अंदाज इथे टाका, मी माझा टाकते.