मदत हवी आहे : पुण्याच्या पेठांतल्या गल्लीबोळांत पळताना जीपीएसची रेघ सरळ कशी ठेवायची?

जीपीएस घड्याळ लावून पळतो आणि त्या मार्गाच्या रेघेने नकाशावर गणपती काढतोय. कपाळ लक्ष्मी रोडवर, कान बाजीराव रोड आणि शिवाजी रोडच्या बाहेरच्या अंगाला, सोंड मंडईजवळच्या गल्ल्यांतून. कान छान उमटतात. सोंड मात्र दरवेळी विस्कटते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि रेघ शेजारच्या गल्लीत जाते. चित्र लहान, त्यामुळे दहा-पंधरा मीटरची चूकही लगेच दिसते.

घड्याळ उपग्रहांची एकच फ्रिक्वेन्सी पकडणारं आहे. दर सेकंदाला नोंद, सगळ्या उपग्रह प्रणाली चालू, शनिवारवाड्यासमोर मोकळ्यावर सिग्नल पक्का झाल्यावरच सुरुवात, हे सगळं करतो. फोन हातात धरून पळून पाहिलं, फरक नाही. मार्ग आधीच जीपीएक्समध्ये (मार्गाच्या फाइलमध्ये) आखून घड्याळात टाकलेला असतो, म्हणजे वळणं चुकत नाहीत. डोळ्यासाठी गल्लीत शिरून त्याच वाटेने परततो, तर एकाऐवजी दोन रेघा उमटतात. रेकॉर्डिंग थांबवून पुढे चालू केलं की मधे सरळ रेघ जोडली जाते, आणि ती नेमकी गालावरून जाते!

नंतर फाइलमधले बिंदू हाताने सरकवायचे नाहीत. पळालो तेच दिसायला हवं. कॅम्पात रस्ते सरळ आहेत हे माहीत आहे, पण हा गणपती पेठांतलाच हवा. पहाटे पळतो, गर्दीची अडचण नाही. रस्त्यांवर मांडव पडायच्या आत पूर्ण करायचा आहे.

एल१ आणि एल५ या दोन्ही उपग्रह फ्रिक्वेन्सी पकडणारं घड्याळ पेठांत कुणी वापरलंय का? अरुंद गल्लीत रेघ खरोखर सुधारते का, की सोंड रुंद रस्त्यावरच न्यावी? आणि डोळा कसा काढता?