मदत हवी आहे : जुना तुर्की किलीम बैठकीत कसा मांडावा?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातल्या घरी, शहाबादी फरशीच्या बैठकीत, हाताने विणलेला जुना, लव नसलेला तुर्की लोकरी किलीम (सतरंजीसारखा सपाट विणलेला गालिचा) मांडायचा आहे. त्याचे रंग राखी, बदामी आणि मळकट पांढरे असल्याने पिवळ्या भिंतीपुढे आणि सागवानी दिवाणाशेजारी तो फिका तर पडणार नाही ना, अशी शंका वाटते. या विणीत दोन रंगांच्या सीमेवर बारीक चिरा राहतात, त्यांत खुर्चीचा पाय अडकू शकतो. शिवाय पावसाळ्यात काळी माती पायांबरोबर घरात येतेच, म्हणून अंथरण्यापेक्षा भिंतीवर टांगणे मला अधिक योग्य वाटते. मात्र धाग्यांवर ताण येऊ नये म्हणून वरच्या काठामागे कापडी नेफा शिवून त्यात दांडी घालावी का, आणि लोकरीला कसर लागू नये यासाठी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.