मदत हवी आहे: टू-स्ट्रोक डर्ट बाईकवर उजव्या वळणात वेग कसा आवरायचा?

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळच्या एका खासगी मातीच्या ट्रॅकवर सराव करतो. आतापर्यंत फोर-स्ट्रोक एक्सपल्स २०० चालवत होतो, आता जुनी टू-स्ट्रोक यामाहा वायझेड १२५ घेतली आहे. गाडी अतिशय हलकी आणि पॉवरबँडमध्ये (इंजिन खरा जोर देतं त्या वेगाच्या पट्ट्यात) शिरल्यावर जी पळते त्याला तोड नाही. माझा प्रश्न थ्रॉटल सोडल्यानंतरचा आहे.

एक्सपल्सवर थ्रॉटल मिटून एक गिअर खाली टाकला की इंजिनच मागचं चाक धरून ठेवायचं. वायझेडवर थ्रॉटल मिटला तरी गाडी मोकळी धावत राहते. कारण कळतं: फोर-स्ट्रोकमध्ये मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढताना पिस्टनची बरीच ताकद खर्च होते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर येताना एक्झॉस्ट पोर्ट बराच वेळ उघडा असतो, त्यामुळे दाब कमी तयार होतो. त्यात हे जेमतेम १२५ सीसीचं इंजिन.

डाव्या वळणात मला त्रास नाही. डावा पाय पुढे काढला तरी उजवा मागच्या ब्रेकवर असतो. थ्रॉटल किंचित उघडा आणि ब्रेक हलका धरलेला, एवढ्यावर गाडी शांतपणे वळते. उजव्या वळणात मात्र उजवा पाय काढला की मागचा ब्रेक गेला आणि इंजिनचीही मदत नाही. उरतो पुढचा ब्रेक. बर्म (वळणाच्या बाहेरच्या कडेचा मातीचा बांध) असेल तर चाकाला आधार मिळतो, पण सपाट, भुसभुशीत मातीत गाडी झुकलेली असताना तो जरा जास्त दाबला की पुढचं चाक बाहेर सरकतं.

सध्या वळणाआधी उभं राहून, गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक लावतो आणि दुसऱ्या गिअरवर येतो. मग टाकीजवळ पुढे सरकून बसतो, बाहेरचं कोपर वर, वजन बाहेरच्या फूटपेगवर, नजर वळणाच्या शेवटाकडे. एक बोट क्लचवर असतं, म्हणजे रेव्ह (इंजिनचे फेरे) पडले तर क्लच घसरवून परत पॉवरबँडमध्ये येता येतं. एवढं करूनही वेग एक तर फार उतरतो, नाहीतर जास्त राहून गाडी वळणाबाहेर जाते. मधलं काही सापडत नाही.

जाणकारांना विचारायचं आहे ते हे. उजवा पाय नेमका कधी काढता? मला वाटतं तो शक्य तितका उशिरा काढावा आणि तोवर मागचा ब्रेक सोडू नये, पण मग गाडी झुकवायला वेळच उरत नाही. पुढचा ब्रेक हळूहळू सोडत वळणाच्या मध्यापर्यंत नेणं सपाट मातीत कितपत भरवशाचं? रटमध्ये (चाकांनी कोरलेल्या चरात) तर मी तो वापरतच नाही.

दुसरी काळजी तेलाची. आमच्या भागातले आरएक्स १००वाले जुने मेकॅनिक काका नेहमी बजावतात की घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण मिटून रेव्ह चढे ठेवायचे नाहीत, पिस्टन जाम होईल. वायझेडमध्ये तर ऑइल पंपच नाही, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. मी ३०:१ ठेवतो, म्हणजे लिटरमागे साधारण ३३ मिली. थ्रॉटल मिटला की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. म्हणून लांब उतारावर मी मध्येमध्ये क्लच दाबून थ्रॉटलला हलका झटका देतो. वळणाआधी दोन-तीन गिअर पटापट खाली टाकून इंजिनकडून ब्रेकिंग काढायचा मोह होतो, पण याच भीतीने टाळतो. छोट्या ट्रॅकवर ही भीती खरी आहे का?

भर: पहिल्याच प्रतिसादात थ्रॉटल सोडल्यावर रेव्ह लगेच पडतात का ते बघायला सांगितलं, कारण ते वर लटकत असतील तर पायलट जेट (थ्रॉटल मिटलेला असताना पेट्रोल देणारा कार्ब्युरेटरचा छोटा जेट) लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी देतो आहे, किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. आज तपासलं. गरम इंजिनवर रेव्ह चटकन आयडलला येतात, रबरी इनटेक बूटलाही चीर नाही. पहाटेच्या थंडीत मात्र जरा लटकल्यासारखे वाटले. थंड हवा दाट असल्याने मिश्रण लीन होतं हे पटतं, पण तेवढ्यासाठी जेट बदलावा की एअर स्क्रू (मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा) थोडा आत फिरवून भागेल? आणि उजव्या पायाचा प्रश्न अजून तसाच आहे. १२५ चालवणाऱ्यांनी कृपया नक्की लिहा.