फेरीमागे मिळणारी मासळी कमी झालेली नाही. मग पाण्यातील माशांचा साठा सुरक्षित मानावा काय?

प्रश्न
एका मासेमारी क्षेत्राच्या व्यवस्थापन आराखड्यावर मत देण्याचे काम आमच्या अभ्यासगटाकडे आले आहे. बोटीच्या प्रत्येक फेरीमागे मिळणारी मासळी गेली दहा वर्षे जवळजवळ तेवढीच असल्यामुळे नव्या निर्बंधांची गरज नाही, असे काही सदस्य म्हणतात. एवढा पुरावा पुरेसा आहे काय?

प्रतिसाद १
नाही. काही जातींचे मासे संख्येने घटले तरी थव्याने एकत्रच राहतात आणि बोटी नेमक्या त्या थव्यांवर जातात. त्यामुळे साठा आक्रसत असतानाही फेरीमागची मासळी कमी झालेली दिसत नाही. शिवाय या काळात इंजिने, जाळी आणि मासे शोधणारी ध्वनियंत्रे सुधारली असतील, तर दहा वर्षांपूर्वीची फेरी आणि आजची फेरी ही एकच मोजपट्टी उरत नाही.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचे उदाहरण यासाठीच अभ्यासण्याजोगे आहे. १९८० च्या दशकात मोठ्या ट्रॉलरांच्या (जाळे ओढत मासे पकडणाऱ्या बोटींच्या) आकड्यांवरून साठा वाढत असल्याचे दिसत होते, संशोधन नौकांच्या पाहणीतून मात्र तसे दिसत नव्हते. दोन्हींचा मेळ घालून काढलेला अंदाज वास्तवापेक्षा बराच मोठा ठरला. जुलै १९९२ मध्ये कॅनडाने तेथील मासेमारी बंद केली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ही बंदी २०२४ मध्ये उठली.

प्रतिसाद २
वरील मुद्द्याला माझी एक पुस्ती आहे. मासळी कमी झाल्याची तक्रार किनाऱ्यालगतचे मच्छीमार त्याच दशकात करत होते, परंतु ती तक्त्यात बसत नसल्याने तिला वजन मिळाले नाही. म्हणून केवळ ‘शास्त्रीय आकडे विरुद्ध मच्छीमारांचे म्हणणे’ अशी मांडणी मला फसवी वाटते. कोणता आकडा कोणी, कुठे आणि कोणत्या साधनाने गोळा केला, हे आधी विचारावे.

पुरावा अपुरा आहे म्हणून निर्णय लांबवा, असेही कोणी म्हणेल. सामायिक व स्थलांतर करणाऱ्या मत्स्यसाठ्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९५ च्या कराराने, पुरेशी शास्त्रीय माहिती नसणे हे संवर्धनाचे उपाय पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. संशोधन नौकेची पाहणी आमच्या आवाक्याबाहेर आहे. कमी खर्चात काय मागता येईल?

प्रतिसाद १
उतरवलेल्या माशांची लांबी मोजून घ्या आणि त्या जातीचे निम्मे मासे ज्या लांबीला प्रजननक्षम होतात, तिच्याशी ताडून पाहा. बहुसंख्य मासे त्याआधीच जाळ्यात येत असतील, तर जाळ्याच्या आसाचा (विणीतील छिद्राचा) आकार वाढवण्याचा प्रश्न लगेच उभा राहतो. मात्र लहान मासळी बाजूला काढण्यापूर्वी, बोटीवरच मोजणी झाली पाहिजे. धक्क्यावर निवडून आलेल्या माशांवरून काढलेली सरासरी हमखास मोठी येते.