मदत हवी आहे: बीएमएसची डिमांड विंडो वीज कंपनीच्या मीटरशी कशी जुळवायची?

पुण्यातली ऑफिस बिल्डिंग, बीएमएस म्हणजे तिची एसी वगैरे यंत्रणा आपोआप चालवणारी सिस्टीम. डिमांड विंडो म्हणजे ज्या ठरावीक काळाची सरासरी मागणी मीटर मोजतो तो काळ. ११ केव्ही कनेक्शन, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) ६०० केव्हीए. एचटी (उच्च दाबाच्या) पॅनलवरच्या आमच्या मल्टिफंक्शन मीटरमधून मॉडबसने (डेटा लिंकने) केव्हीए वाचतो. सरासरी ५६० झाली की बीएमएस चिल्ड वॉटरचा (चिलरमधून येणाऱ्या थंड पाण्याचा) सेटपॉइंट ७ वरून ९ अंशांवर नेतं, मग एएचयूच्या (हवा थंड करून खेळवणाऱ्या युनिट्सच्या) व्हीएफडी, म्हणजे पंख्यांचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्ह, उतरवतं. तरी बिलात ६२० येते. सीटी-पीटी (मीटरला करंट-व्होल्टेज कमी करून देणारे ट्रान्सफॉर्मर) रेशो तपासलेत, पॉवर फॅक्टर ०.९९ आहे, म्हणजे चूक तिथे नाही. खरी अडचण अशी की वीज कंपनीची विंडो संपते तेव्हा आमची अर्ध्यावर असते. घड्याळं जुळवली, पुन्हा सरकतात. स्लायडिंग (सतत पुढे सरकणारी) विंडो लावली तर गरज नसताना कूलिंग कापलं जातं, आणि सेटपॉइंट परत आणला की दोन्ही चिलर एकदम लोड घेतात. चिलर बंद ठेवता येत नाही. सर्व्हर रूम त्याच चिल्ड वॉटर लाइनवर आहे.

बिलिंग मीटर सीलबंद आहे. त्याचा सिंक पल्स (नवी विंडो सुरू झाल्याची खूण देणारा सिग्नल) घ्यायची परवानगी कुणी मिळवली आहे का? अर्ज कुठे केला, आणि आयसोलेशनला (त्यांचं आणि आपलं सर्किट विद्युतदृष्ट्या वेगळं ठेवायला) काय बसवलं?